धोतरबाई

आमच्या सिस्टरबाई समोरच्या माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी त्याचं धोतर बघायच्या. ओपीडीत खोकला घेऊन आलेला म्हातारा स्टुलावर टेकायच्या आत त्यांची बोटं त्याच्या धोतराच्या सोग्यावर गेलेली असायची. अंगठा आणि दोन बोटांत कापड चोळायचं, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "काका, हे किती वर्सांचं हाय?" म्हातारा बिचारा खोकला विसरायचा. कुणी सांगायचं चार वर्षांचं, कुणी सांगायचं लेकीच्या लग्नातलं. "मंग अजून एक वरीस नेसा," म्हणून बाई सोगा सोडून द्यायच्या. "मऊ झालं की मला आणून द्या. भांडेवालीला न्हाई द्यायचं, ध्यानात ठेवा." मग त्या खोकल्याकडे वळायच्या.

हिंगोली जिल्ह्यात कुरुंद्याच्या पुढे, दोन्ही बाजूंनी हळदीची शेतं असलेल्या एका गावात आमचं आरोग्य केंद्र. मी तिथं नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा माझं वय तेवीस आणि बाईंची नुसती नोकरीच तीस वर्षांची. पहिल्याच दिवशी मी त्यांना एका आजोबांच्या धोतराची चौकशी करताना पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं, चांगल्या ठिकाणी येऊन पडलो आपण. गावात त्यांना तोंडावर शिस्टरबाई आणि माघारी धोतरबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू दे," त्या म्हणायच्या, "नाव ध्यानात राहिलं की धोतर बी ध्यानात राहते."

धोतर कशाला लागायचं ते सांगते, नाहीतर तुमचाही माझ्यासारखाच गैरसमज व्हायचा. बाळ जन्मतं तेव्हा ओलंचिंब असतं. ते लगेच कोरडं करायचं, पाठ चोळायची. बहुतेक बाळं त्या पुसण्यानेच श्वास घेतात आणि रडायला लागतात. जे रडत नाही, त्याला श्वास द्यावा लागतो, आणि तो पहिल्या मिनिटात द्यावा लागतो. त्या मिनिटातला वेळ पुसण्यात घालवून चालत नाही. बाईंचं म्हणणं असं, की जन्मलेल्या लेकराला पुसायला जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती धोतरासारखं कापड जगात नाही. विकतचे टॉवेल त्यांना पटायचे नाहीत. "पुस्तकात लिवलंय कोरड्या कापडानं पुसा. कसल्या कापडानं ते लिवायला विसरले," असं त्या म्हणायच्या. नायलॉनच्या साडीचा तर त्यांना मनस्वी राग. "नायलॉन पाणी पीत न्हाई, नुसतं इकडून तिकडं हिंडवते."

पण हल्लीच्या गावात धोतरं राहिलीत कुठं? पोरं जीन्समध्ये, बापे पँटीत, बाया पॉलिस्टरमध्ये. धोतर नेसणारे म्हातारे एकेक करून कमी होत चाललेले. त्यामुळे बाईंची नजर कायम शोधात. श्रावणात एका सोमवारी आम्ही दोघी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर आलो, तर एका प्रसादाच्या दुकानात मालकाचा म्हातारा बाप बसलेला, कमरेला सायीसारखं मऊ धोतर. संपला विषय. बाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. त्याच्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकली, कुठला पाला बांधायचा आणि कुठला नाही ते सांगितलं, आमची बस गेली. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा गेल्या आणि दोन धोतरं घेऊन आल्या. मी विचारलं, "बाई, देवाला काही मागितलंत की नाही?" तर म्हणाल्या, "देवाजवळ लई गर्दी होती. म्हाताऱ्याजवळ कुणीच न्हवतं."

आणलेलं धोतर सोड्यात उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं, हातभर तुकडे फाडायचे, घड्या घालून वाफेच्या डब्यात निर्जंतुक करायचे. फाडायचं काम माझ्याकडे. एका लेकराला दोन तुकडे: एक पुसायला, एक गुंडाळायला. ओला झालेला तुकडा लगेच बाजूला टाकायचा, त्यातच लेकरू गुंडाळून ठेवलं की बाई माझ्याकडे अशा बघायच्या की मला वाटायचं आता आपल्यालाच गुंडाळतात. चार वर्षं शिकून नर्स झाले आणि आल्या आल्या धोतरं फाडत बसले, असं मी घरी फोनवर सांगायचे. आई म्हणायची, मोठ्या माणसाचं ऐकावं.

एका हिवाळ्यात मात्र बाईंचा सगळा कारभारच बसला. झालं असं, की ज्यांनी दिवाळीच्या सुमाराला धोतरं दिली होती त्यातले तीन म्हातारे पाठोपाठ वारले. तिघंही ऐंशीच्या पुढचे, एकाला दमा, दुसऱ्याचं काळीज थकलेलं, तिसरा तर दोन वर्षं अंथरुणावर. पण गावाला एवढा हिशोब कोण करून देणार? पारावर ठरलं, की धोतरासंगं म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य जातं आणि शिस्टर ते नव्या लेकराला पुसून देते. मग काय विचारता. म्हातारे आमच्या केंद्राच्या समोरून जाईनात. ज्यांना यावंच लागायचं ते लेकाची पँट घालून, कमरेला सुतळी बांधून यायचे. एक आजोबा तर नातवाची बर्मुडा घालून सुई टोचून घ्यायला आले. बाईंनी सुई टोचली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "शोभून राहिली. पण ही सुती न्हाई."

मी म्हटलं, बाई, गावात जाऊन समजावून सांगू या. त्या म्हणाल्या, समजावून कुणी धोतर सोडत नसतं. आणि त्या थेट कोंडबा आज्याकडे गेल्या. हा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, नव्वदीच्या घरातला, ऐकायला अर्धं यायचं पण बोलायला पूर्ण. बाईंनी त्याच्या ओट्यावर बसून सरळ धोतर मागितलं. आज्या म्हणाला, "माझं आयुष्य लागंल म्हणं लेकराला. खरं हाय का?"

"लागलं तर चांगलंच की," बाई म्हणाल्या. "तुमाला नव्वद मिळाली. लेकराला काहून नको?"

आज्याने सुनेला हाक मारली आणि म्हणाला, "पेटीतली दोनी बी दे शिस्टरला. एकात काय होतंय."

गाव त्या दिवसापासून कोंडबा आज्या कधी जातो याची वाट बघत बसलं. आज्या जाईना. उलट काठी टेकत दर आठवड्याला केंद्रात यायला लागला. आत यायचा, बाकावर बसायचा आणि विचारायचा, "माझ्या धोतरातली किती झाली?" बाई आकडा सांगायच्या. आज्या बोटं मोजायचा, समाधानाने मान हलवायचा आणि फुकटचा चहा पिऊन जायचा. होता होता उन्हाळा आला आणि पारावर नवीन ठरलं, की शिस्टरला धोतर दिलं की आयुष्य वाढतं. त्यानंतर आमच्या कपाटाची दारं लागेनात. नवी कोरी धोतरंसुद्धा यायला लागली. ती मात्र बाई परत पाठवायच्या. "नेसून आणा," म्हणायच्या.

अशा बाई. बुटक्या, गोल, कपाळावर मोठं कुंकू, चालताना चपलांचा फटफट आवाज. पण बाळ बाहेर यायची वेळ झाली की त्या खोलीत तो आवाजही यायचा नाही. उबेचा दिवा, म्हणजे आमचा वॉर्मर, त्या कळा सुरू झाल्या की लावायच्या आणि त्याखाली कापडं ठेवायच्या. थंडीत स्वतःचे हातही त्याखाली धरून उभ्या राहायच्या. मी हसले की म्हणायच्या, "गार हातानं धरलं तर लेकरू म्हणंल, कुठं येऊन पडलो." आमच्याकडे जुन्या काळापासून कामाला असलेल्या शांतामावशींना एक सवय होती, बाळ रडलं नाही की त्याला पायाला धरून उलटं करायचं आणि पाठीत थापटायचं. बाईंनी ती सवय मोडली, पण आरडाओरडा न करता. एकदा नुसतं विचारलं, "मावशी, तुमच्या घरी पाव्हणा आला तर दारातच मारता का?" मावशी आजही ते सांगून हसतात.

कुटुंबातल्या म्हाताऱ्या बायकांशी त्यांची खरी जुगलबंदी. एकदा एक आजी लेबर रूमच्या दारातून आत घुसली. लेकरू गप्प होतं. आजीच्या एका हातात स्टीलचं ताट आणि दुसऱ्या हातात चमचा, तोंडात कांदा. कानाशी ताट वाजवायचं आणि कांदा चावून तोंडावर फुंकर घालायची, म्हणजे लेकरू जागं होतं असा तिचा पक्का विश्वास. मला वाटलं, बाई तिला बाहेर काढतील. बाई मान वर न करता म्हणाल्या, "आजी, बरं झालं आल्या. त्या घड्याळाजवळ उभ्या राहा. लाल काटा खाली पोचला की मला सांगा. दुसरं काही करू नका, लई जोखमीचं काम हाय." आजी ताट काखेत मारून घड्याळाखाली उभी राहिली. कांदा तोंडात तसाच. "आला बाई, आला, खाली आला," एवढं तिने बरोब्बर सांगितलं. तोवर लेकरू रडायला लागलं होतं. आजीने बारशाला सगळ्या गावाला सांगितलं की लेकरू तिनेच वाचवलं, आणि बाईंनी ते एकदाही खोडलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायची मला अजून लाज वाटते.

रडत नाही त्या लेकराला श्वास द्यायला हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो, त्याच्या पुढे नाकातोंडावर बसणारा छोटा मास्क. शिकताना मी तो बाहुलीवर कितीदा तरी दाबला होता. पहिल्याच जानेवारीत एका सकाळी बाई बाहेर चहा पीत होत्या आणि माझ्या हातात एक निळसर, ढिलं लेकरू आलं. पुसलं, चोळलं, काही नाही. मास्क लावला, फुगा दाबला. छाती वर येईना. मी अजून जोरात दाबला. माझे हात इतके कापत होते की मास्क गालावर सरकायचा. शांतामावशींनी हाक मारली, बाई आल्या. त्यांनी मला बाजूला ढकललं नाही. एका बोटाने लेकराची हनुवटी जरा उचलली, माझ्या हातावर हात ठेवून मास्क नीट बसवला, आणि पुढच्या दाबाला ती इवलीशी छाती उचलली गेली. थोड्या वेळाने लेकरू रडलं. नातेवाइकांनी मला पेढा दिला. मी तो खाऊ शकले नाही.

"मान कुठं गेली होती?" बाईंनी दुपारी विचारलं.

"हात थरथरत होते, बाई."

"हाताला कोण विचारून राहिलं? मी मान विचारली." मग त्यांनी स्वतःची मान जरा पुढे, जरा वर केली. "शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की मान कशी होते? बस, तशी. लई मागं न्हाई, लई पुढं न्हाई."

त्यानंतर रोज जेवणानंतर बाहुली पुढ्यात. मी मोजायचे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बाई वैतागायच्या. "कवायत घेऊन राहिली का? त्याच्याशी बोल." त्यांचा मंत्र वेगळाच होता. "घे... गं माय. घे... गं माय." घे म्हणताना दाबायचं, गं माय म्हणताना सोडायचं. मुलगा असो की मुलगी, त्यांच्यासाठी ती माय. मला आधी बाहुलीशी असं बोलायची लाज वाटायची. पण गंमत अशी, की त्या चालीवर हात आपोआप बरोबर वेगाने चालायचे. मधूनच त्या हळूच बाहुलीची मान वाकवून ठेवायच्या आणि माझ्या ध्यानात येतं का बघायच्या. त्या बाहुलीची मान मी स्वतःच्या मानेपेक्षा जास्त सांभाळली असेल.

मग तीन वर्षांत माझ्या हातून बरीच लेकरं रडली. त्यातल्या काहींना फुगा लागला. पण प्रत्येक वेळी बाई दाराशी उभ्या असायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. त्या तिथं आहेत म्हटलं की माझे हात सरळ चालायचे. नसल्या तर काय होईल, हे मी स्वतःला विचारत नव्हते. आणि मग त्यांच्या रिटायरमेंटचा मे महिना जवळ आला तसं ते मला जेवताना, धुणं धुताना, बसमध्ये, कुठंही येऊन गाठायला लागलं. एखादं लेकरू माझ्या एकटीच्या हातात गप्पच राहिलं तर?

निरोपसमारंभाला शाल, नारळ, डॉक्टरसाहेबांचं भाषण, सगळं झालं. कोंडबा आज्याने माइक मागून घेतला आणि आपल्या दोन धोतरांचा इतिहास सांगितला. बाईंना बोलायला उभं केलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी चालले. कपाट पोरीकडं दिलं हाय. मऊ झालं की तिला आणून द्या." संपलं भाषण. सामान टेम्पोत टाकून त्या आपल्या गावी, कनेरगाव नाक्याला गेल्या. मी त्या दिवशी त्यांच्यावर रागावलेच होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाने काहीतरी धीर देणारं बोलून जावं की नाही?

त्या दर रविवारी फोन करायच्या. बरी आहेस का, जेवलीस का, असलं काही नाही. "किती झाली? रडली का सगळी?" मी हो म्हणायचे. मग तिकडच्या धोतरांची वार्ता. नाक्यावर म्हणे धोतरं कमी, ढाब्यावर उतरणाऱ्या ट्रकवाल्यांच्या लुंग्याच फार. "चौकटीची हाय, पण पाणी चांगलं पिते," असा त्यांचा शेरा. एक गाठोडं त्यांनी बसच्या कंडक्टरकडे दिलं. मग आमच्याकडची लेकरं महिनाभर चौकटीच्या लुंगीत गुंडाळलेली निघाली. तोवर पुसण्यानेच सगळी रडत होती, आणि मी मनातल्या मनात हात जोडत होते.

पावसाळ्यात एके दिवशी दुपारी शेतातून ट्रॅक्टरवर घालून एका बाईला आणलं. कळा कधीपासूनच्या, वाटेत ट्रॅक्टर रुतलेला. बाळ आलं ते हललंच नाही. मी पुसलं, मान बघितली, मास्क लावला. छाती उचलत होती. मी घे गं माय, घे गं माय म्हणत होते. डॉक्टरसाहेब धावत आले, त्यांनीही जे करायचं ते सगळं केलं. हृदयाचा ठोका काही लागेना. वीस मिनिटांनी त्यांनी माझ्या हातातून फुगा हळूच काढून घेतला. मुलगी होती. डोक्यावर भरपूर केस होते. तिच्या आईने मला एकच विचारलं, "रडली न्हाई का, शिस्टर?"

त्या रविवारी मी बाईंचा फोन उचलला नाही. पुढच्याही नाही. डॉक्टरसाहेबांकडे अर्ज दिला, की मला लसीकरणाच्या कामाला द्या, लेबर रूमला दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केलाय. खरंच केला होता. तिथल्या उबेच्या दिव्याकडे मला बघवत नव्हतं. त्यात एक पहिलटकरीण सकाळपासून कळा देत होती, आणि मी तिला तालुक्याला पाठवायला काहीतरी कारण शोधत होते. कारण मिळत नव्हतं, तिचं सगळं ठीक होतं.

आणि बाराच्या सुमाराला चपला फटफट वाजल्या. दारात बाई. दोन बस बदलून आलेल्या, काखेत गाठोडं, हातात माझा अर्ज. डॉक्टरसाहेबांनीच फोन केला असणार आणि आल्या आल्या अर्जही दाखवला असणार. त्या बाकावर बसल्या, मला शेजारी बसवलं आणि अर्ज पुन्हा एकदा वाचला.

"अक्षर लई चांगलं हाय तुझं," त्या म्हणाल्या. "लसीकरणाचं रजिस्टर उजळून निघंल."

मला हसू आलं नाही. मग त्यांनी आवाज बदलला आणि विचारायला सुरुवात केली. बाळ आलं तेव्हा कसं होतं? पुसलं का? कशानं? ओलं कापड काढलं का? मान? मास्क कुठं बसवला? छाती वर येत होती का? मी एकेक सांगत गेले. परीक्षेला बसल्यासारखी. त्यांनी मधे एकदाही बरं म्हटलं नाही की चुकलं म्हटलं नाही. शेवटी मी गप्प झाले तशा म्हणाल्या, "सगळं बराबर केलंस. तरी गेलं."

"मग काय उपयोग, बाई?"

त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "माझ्या हातून पहिलं लेकरू गेलं तवा मी तुझ्यापेक्षा बारकी होते. त्याच्या घरच्यांनी हौसेनं नवं कापड आणलं होतं. नवं कोरं, खळ असलेलं. मी त्यानंच पुसत बसले. पाणी नुसतं इकडून तिकडं. लेकरू ओलंच, गार, अन् मी पुसूनच राहिले. कापडानंच गेलं असं मी म्हणत न्हाई. पण माझा येळ त्यात गेला. मला तकलीफ त्या येळाची हाय, अजून हाय. तू तो येळ घालवला न्हाईस. तुला दुसरी तकलीफ असंल, ती न्हाई."

तीन वर्षं मी त्यांना धोतरावरून चिडवत होते. मी त्यांचा हात धरला. तो नेहमीसारखा गरम होता.

तेवढ्यात शांतामावशींनी दार उघडलं. पहिलटकरणीची वेळ झाली होती. मी उठले नाही. बाईंनी अर्जाची घडी करून कनवटीला लावली आणि मला कोपराने ढोसलं. "जा. मी हाय इथं बसलेली."

त्या आहेत म्हटल्यावर मी गेले.

लेकरू आलं आणि रडलं नाही. मग मला दाराबाहेर बसलेल्या बाई आठवल्या. मी पुसलं, पाठ चोळली, ओलं कापड फेकलं. अजून गप्प. दिव्याखाली घेतलं, मान सरळ केली, मास्क बसवला. "घे... गं माय." छाती उचलली. मी दाराकडे बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती, पलीकडे बाकावर त्या होत्या. "घे... गं माय. घे... गं माय." नाळेला बोटं लावली तर ठोका जोरात लागला. रंग बदलायला लागला, आधी छाती, मग ओठ. मग त्याने एक उचकी दिली, तोंड वाकडं केलं, आणि असं काही भोकाड पसरलं की त्याची आईही रडायला लागली आणि शांतामावशीही.

लेकरू आईच्या छातीवर दिलं, हात धुतले न धुतले तशी मी बाहेर पळाले. बाक रिकामा होता. गाठोडं तेवढं ठेवलेलं. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. मी ओपीडीत बघितलं, डॉक्टरसाहेबांच्या खोलीत बघितलं, नळाजवळ बघितलं. कोंडबा आज्या तेवढा आपल्या जागी बसलेला होता.

"आजोबा, बाई कुठं गेल्या? लेकरू रडलं तेव्हा होत्या ना इथं?"

"कशाच्या," आज्या म्हणाला. "तू आत शिरलीस अन् त्या उठल्याच. म्हणल्या, हिंगोलीची गाडी चुकंल."